कुर्डूचा चपटा तुरा, करंजाच्या पानांवरचे फोड आणि किरणोत्सार

प्रश्न थोडक्यात असा: वेताळ टेकडीच्या उतारावर, मोबाइल टॉवरपासून शंभरेक पावलांवर कुर्डूची दोन रोपं सापडली. त्यांचं खोड काडीसारखं गोल नसून दोन बोटं रुंद पट्टीसारखं चपटं आहे आणि तुरा पंख्यासारखा पसरला आहे. जवळच्या करंजाच्या पानांवर हिरवे-तपकिरी फोड आहेत. फुकुशिमाच्या जोडफुलांच्या डेझीचा फोटो पाहिल्यापासून शंका येते की हा किरणोत्साराचा परिणाम असेल का, आणि ते तपासायचं कसं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुमच्या वर्णनातल्या दोन्ही गोष्टी किरणोत्साराशिवाय रोज घडतात आणि इथंही तसंच घडलं आहे असं मानायला भक्कम आधार आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, विकृत वाढीच्या नुसत्या आकारावरून किरणोत्सार ओळखताच येत नाही. झाडाकडे वेडंवाकडं वाढण्याचे मोजकेच मार्ग आहेत. शेंडा रुंद होतो, शेंडा मरून बाजूचे कोंब फुटतात, पेशी एका जागी बेसुमार वाढून गाठ होते, नाहीतर फुलाचं पान होतं. कारण कीड असो, जिवाणू असो, तणनाशक असो की गॅमा किरण, झाड याच चार-पाच वाटांनी जातं. म्हणून "हे कशासारखं दिसतं" हा प्रश्न फार पुढे नेत नाही. "किती झाडांत दिसतं, कोणत्या जातींत दिसतं, कशाच्या जवळ वाढतं आणि कशापासून दूर गेल्यावर कमी होतं" हे विचारावं लागतं.

आता कुर्डू. खोडाच्या टोकाला विभाजी ऊतींचा एक सूक्ष्म घुमट असतो. तिथल्या पेशी विभागत राहतात आणि त्यातून खोड, पानं, फुलं तयार होतात. घुमट किती मोठा ठेवायचा यावर जनुकांचा पहारा असतो: एक जनुक पेशी वाढवतं, दुसरी काही त्याला आवरतात. हा लगाम सुटला की घुमट गोल न राहता लांबट कड्यासारखा पसरतो, आणि त्यातून उगवणारं खोड साहजिकच पट्टी होतं. याला फॅसिएशन म्हणतात. धारदार ब्लेडनं खोडाचा आडवा छेद घ्या आणि दहापट भिंगातून पाहा. नेहमीच्या खोडात रसवाहिन्यांचे ठिपके जवळपास गोलात बसलेले दिसतात. चपट्या खोडात तेच कडं दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं लांबुळकं होतं, पण ते एकच असतं, मध्ये भेंडही एकच. दोन वेगळी कडी शेजारी-शेजारी दिसली, तर ती कोवळेपणी चिकटलेली दोन खोडं आहेत, फॅसिएशन नव्हे. या एका छेदानं बराच गोंधळ मिटतो.

कुर्डूच्या बाबतीत तर ही विकृती आपण दसऱ्याला विकत घेतो. मार्केट यार्डात ढिगानं येणारा मखमली कोंबडा म्हणजे वंशपरंपरेनं आलेलं फॅसिएशन आहे. वनस्पतिशास्त्र त्याला कुर्डूचाच एक प्रकार मानतं. कुणीतरी कधीतरी असं चपटं रोप जपलं, बी धरलं, आणि विकृतीचं फूलझाड झालं. मेंडेलनं १८६६ साली छापलेल्या प्रयोगांत वाटाण्याची फुलं खोडभर येतात की शेंड्याला गुच्छानं, हे एक लक्षण होतं. शेंड्याला गुच्छ येणारा तो वाटाणाही फॅसिएशनचाच. भाजीला मिळणाऱ्या मोठ्या, वळ्या-वळ्यांच्या टोमॅटोत जास्त कप्पे असतात, तेही फुलाचा घुमट रुंद झाल्यामुळेच.

त्यामुळे टेकडीवर एक शक्यता पहिल्यांदा तपासायला हवी आणि नेमकी तीच विसरली जाते. दसऱ्यानंतर निर्माल्य टेकडीच्या पायथ्याशी टाकलं जातं. कोंबड्याच्या तुऱ्यात काळं चकचकीत बारीक बी असतं, कुर्डूच्या बीसारखंच दिसणारं, आणि ते पुढच्या पावसात उगवतं. असं रोप रानात अर्धवट चपटं, अर्धवट शेपटीसारखं येतं. रंग पाहा. रानकुर्डूचा तुरा कळीला गुलाबी आणि खाली रुपेरी पांढरा असतो. गडद लाल, किरमिजी किंवा पिवळा असेल तर तो बागेतून आलेला पाहुणा समजावा.

रानातलाच कुर्डू असेल तर कारणं अशी येतात. शेळीनं किंवा विळ्यानं शेंडा अर्धवट दुखावला आणि राहिलेला भाग पसरून वाढला. कोवळेपणी किडीनं शेंडा कुरतडला. ऱ्होडोकॉकस फॅसिएन्स नावाच्या जिवाणूनं स्वतःची सायटोकायनिन संप्रेरकं सोडून शेंड्याला गोंधळात टाकलं. अशा वेळी चपटेपणापेक्षा जमिनीलगत आखूड, जाड कोंबांचा झुबका जास्त दिसतो. किंवा त्या एका रोपात आपसूक उत्परिवर्तन झालं. शेकडो रोपांत दोन चपटी निघणं ही कोणत्याही माळरानाची नेहमीची गोष्ट आहे.

करंजाचं प्रकरण याहून सोपं आहे. पानावर बोटासारखे उभे फोड असतील तर ते बहुधा असेरिया पोंगॅमी या कोळी-किडीचं (माइटचं) काम. हा कोळी अगदी सूक्ष्म, साधारण ०.२ मिलिमीटर, आणि आठऐवजी चारच पायांचा. तो पानाच्या पेशींना टोचतो आणि त्या पेशी त्याच्याभोवती घर बांधतात. एक ताजा, हिरवा फोड ब्लेडनं उभा चिरा. आत पोकळी दिसेल, तिच्या भिंतीवर मऊ लव असेल आणि पानाच्या पृष्ठाकडे बारीकसं तोंड असेल. दहापट भिंगातून कोळी जेमतेम पांढरट ठिपक्यांसारखे हलताना दिसतात; नीट पाहायचे तर सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबात ठेवावे लागतात. तपकिरी, वाळलेला फोड चिरून काही सापडलं नाही म्हणून "आत कीड नाही, म्हणजे किरणोत्सार" असा निष्कर्ष अनेकजण काढतात. तसं नाही, पाहुणे निघून गेलेले असतात एवढंच. नेहमी पिकत आलेला पण अजून हिरवा फोड निवडावा.

पुण्याच्या रस्त्यांवरच्या सप्तपर्णीच्या पानांवर ज्या गाठी येतात त्या उडी मारणाऱ्या सिलिड किडीच्या. टेकड्यांवर कुठं काकड असेल तर त्याच्या पानांवरचे गोल फुगेही त्याच जमातीच्या किडीचे. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी काकडशिंगी ही मुळात शेंगच नव्हे. हिमालयातल्या पिस्ताकुळातल्या झाडावर माव्यानं करून घेतलेली पोकळ गाठ आहे. इतका ठराविक, वर्षानुवर्षं एकाच साच्यातून निघणारा आकार हीच गाठीच्या सजीव कारणाची खूण असते. किरणोत्सारानं आलेली विकृती अशी नेटकी नसते. ती झाडागणिक आणि फांदीगणिक वेगळी दिसते.

फुलाच्या पाकळ्या हिरव्या, पानासारख्या झाल्या असतील तर फायटोप्लाझ्माचा विचार आधी करावा. हे भिंत नसलेले जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतात आणि तुडतुड्यांमार्फत पसरतात. तिळाच्या फुलांची होणारी हिरवी झुपकी, वांग्याचा पर्णगुच्छ, अंगणातल्या सदाफुलीची हिरवट फुलं ही सगळी त्यांचीच. हा जिवाणू झाडात एक प्रथिन सोडतो, ते फूल घडवणाऱ्या प्रथिनांचा नाश करवतं, आणि फूल परत पान होतं. गाजर गवतावरही हे दिसतं. एका रोपावर फूल-पान मिसळ आणि त्याच रोपावर बारीक पानांचे झुबके, असं एकत्र दिसलं तर निदान जवळजवळ पक्कं. खात्री पीसीआरनं, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीनं होते. नमुन्यासाठी फूल नको, पानाचे देठ आणि मधल्या शिरा द्याव्यात, कारण फायटोप्लाझ्मा अन्नवाहिन्यांत असतो. पाच-सहा देठ ओलसर टिपकागदात गुंडाळून पिशवीत, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी प्रयोगशाळेत. दोन दिवस उन्हात राहिलेल्या नमुन्यातून "नाही" असं उत्तर आलं तर त्याला अर्थ नसतो.

आणखी एक कारण पुण्याच्या आसपास हमखास असतं, ते म्हणजे तणनाशक. उसात रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी मारतात. वारा असेल किंवा दुपारच्या उन्हात त्याची वाफ झाली तर ते बांधापलीकडे जातं. खोड पिळवटतं, देठ खाली वाकतात, पान अरुंद होऊन शिरा एकमेकींना समांतर धावतात, कडा वाटीसारख्या वळतात. टोमॅटो, द्राक्ष, कापूस यांना अगदी थोडी मात्राही भोवते. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाचा अर्धवट डोस बसलेल्या झुडपाला पुढच्या फुटीत सुईसारख्या पानांचे झुबके येतात, आणि ते तर हुबेहूब "अणुभट्टीजवळच्या झाडां"सारखे दिसतात. ओळखायची रीत सोपी आहे. एकमेकांशी नातं नसलेल्या अनेक जातींवर एकाच वेळी, एकाच बाजूनं, रस्त्याच्या किंवा कुंपणाच्या कडेनं पट्ट्यात नुकसान दिसलं तर फवारणी शोधावी. टेकडीवर पायवाटा, तारांखालची पट्टी आणि बांधकामाच्या कडा आधी पाहाव्यात. गवत आणि बाकी एकदल वनस्पती ठणठणीत, रुंद पानांच्या तेवढ्या पिळवटलेल्या, हे २,४-डीचं लक्षण.

हे सगळं वगळल्यावर किरणोत्साराकडे यावं. तो झाडांना खरोखर काय करतो हे नीट माहीत असल्याशिवाय त्याचा संशय घेताही येत नाही आणि सोडताही येत नाही.

आयनीभवन करणारे (अणूतले इलेक्ट्रॉन उडवणारे) किरण पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे तोडतात. झपाट्यानं विभागणाऱ्या पेशींना याचा फटका सगळ्यात जास्त, म्हणून पहिला बळी शेंडा. शेंडा मेला किंवा मंदावला की त्यातून खाली येणारं ऑक्सिन हे संप्रेरक कमी होतं आणि बाजूचे निजलेले डोळे उठतात. एका शेंड्याच्या जागी तीन-चार शेंडे, जवळजवळ पेरं, झाडूसारखा झुबका. पानं वेडीवाकडी, डाव्या-उजव्या अंगाला असमान, कुठं हरितद्रव्य नसलेले पांढरट पट्टे, परागकण वांझ. कोणत्या जातीला किती लागतं यात प्रचंड फरक असतो. १९६० च्या दशकात स्पॅरो या वनस्पती-किरणोत्सार अभ्यासकाच्या कामातून दिसलं की पेशीकेंद्रातलं गुणसूत्रांचं आकारमान जितकं मोठं, तितकी ती जात नाजूक. सूचिपर्णी झाडांची गुणसूत्रं मोठी, म्हणून पाइन आणि स्प्रूस आधी मरतात. गवतं, भूर्ज, शेवाळ कितीतरी जास्त सोसतात.

अमेरिकेत ब्रुकहेवन इथं १९६१ पासून एका जंगलाच्या मध्यभागी ९५०० क्युरींचा (क्युरी हे किरणोत्साराचं एकक) सीझियम-१३७ चा स्रोत दिवसाचे वीस तास उघडा ठेवला होता. तिथं वर्तुळं उमटली: अगदी मध्ये शेवाळ-दगडफूल सोडून काही नाही, मग लव्हाळ्याच्या जातीची एक वनस्पती, मग झुडपं, मग ओक, आणि सगळ्यात बाहेर ओक आणि पाइन एकत्र. किरणोत्साराचं नुकसान रानात असं दिसतं: अंतराप्रमाणे उतरत जाणारं आणि जातीप्रमाणे क्रम पाळणारं.

२६ एप्रिल १९८६ नंतर चेर्नोबिलजवळ काही चौरस किलोमीटर पाइनचं जंगल तांबूस होऊन मेलं. तिथल्या झाडांना साठ ते शंभर ग्रे (ग्रे हे शोषलेल्या मात्रेचं एकक) आणि त्याहून जास्त मात्रा मिळाली होती. माणसाला उपचाराविना चार-पाच ग्रे जिवावर बेततात, पाइनला दहा-वीस. ज्यांना कमी मिळाली त्या झाडांत सुया राक्षसी लांब झाल्या किंवा उलट खुरटल्या, शेंडे मेले, झुबके आले. भूर्ज मात्र त्याच जागी बऱ्याच अंशी टिकले. यातली एक बाब मोजणी करणाऱ्यानं कायम लक्षात ठेवावी. पाइनच्या सुयांवर जी धूळ बसली तिच्यातल्या बीटा किरणांचा वाटा मोठा होता. बीटा हवेत थोडंच अंतर जातात. म्हणजे कळीला मिळालेली मात्रा, माणसाच्या छातीच्या उंचीवर धरलेल्या गॅमा मापकाच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकते.

फुकुशिमाजवळ २०११ नंतर जपानी फर झाडांच्या मुख्य खोडाचा शेंडाच नाहीसा होण्याचं प्रमाण तपासलं गेलं. तो अभ्यास २०१५ साली छापला गेला. अणुकेंद्रापासून साडेतीन किलोमीटरवर जवळजवळ सगळ्या तरुण झाडांत हा दोष होता, दूर जाताना प्रमाण उतरत गेलं. दूरच्या, स्वच्छ जागीही शंभरात पाच-सहा झाडं तशीच निघाली. हे शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. ती पाच-सहा झाडं जर कुणी अणुकेंद्राजवळ पाहिली असती तर छातीठोकपणे किरणोत्साराच्या खात्यावर मांडली असती. तुलनेची जागा मोजली म्हणूनच पायाभूत प्रमाण कळलं.

आता डेझीचा फोटो. तो २०१५ च्या उन्हाळ्यात जगभर फिरला. जागा होती नासुशिओबारा, अणुकेंद्रापासून शंभरेक किलोमीटरवर, आणि फोटो टाकणाऱ्यानं जमिनीपासून एक मीटरवर ०.५ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास असा आकडा दिला होता. सिव्हर्ट हे माणसासाठीचं एकक, वनस्पतींसाठी ग्रे वापरतात. गॅमापुरते दोन्ही आकडे जवळपास सारखे धरता येतात. म्हणजे दिवसाला १२ मायक्रोग्रे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगानं पाइनसाठी काळजीपूर्वक पाहायला सुरुवात करायची पट्टी दिवसाला ०.१ ते १ मिलिग्रे, आणि रानगवतासाठी १ ते १० मिलिग्रे ठेवली आहे. सगळ्यात नाजूक पाइनच्या खालच्या टोकाच्या हा आठवा भाग. आणि डेझी-सूर्यफुलाच्या कुळात फॅसिएशन जगभर कुठंही सापडतं, सूर्यफुलाच्या शेतात तर शोधायलाही लागत नाही.

पुण्याचा हिशेब याहून खाली जातो. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा पाषाण युरेनियम-थोरियमनं दरिद्री आहे. चांगला मापक उघड्या टेकडीवर साधारण ०.०५ ते ०.१५ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास दाखवतो. ०.१ धरू. कुर्डूचं आयुष्य जूनपासून चार महिने, म्हणजे १२० दिवस. एकूण मात्रा ०.१ गुणिले २४ गुणिले १२०, म्हणजे २८८ मायक्रोग्रे, ०.३ मिलिग्रेही नाही. शेवंतीत मुद्दाम उत्परिवर्तन घडवायला मुळं फुटलेल्या छाटांना दहा ते पंचवीस ग्रे द्यावे लागतात. म्हणजे कमीत कमी तीस हजार पट. तुर्भ्याच्या भाभा केंद्रानं भुईमुगाच्या ज्या जाती काढल्या त्या पद्धतीत कोरड्या दाण्यांना तर शेकडो ग्रे देतात, आणि तरीही हजारो रोपांतून हवं ते एखादंच निघतं. केरळच्या चवरा-नींदकरा किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूतल्या थोरियममुळे काही जागी वर्षाला दहा-दहा मिलिग्रे, क्वचित सत्तरपर्यंत मात्रा आहे. सत्तर धरली तरी दिवसाला ०.१९ मिलिग्रे होते. गवतासाठीच्या पट्टीच्या ती खालीच राहते.

मोबाइल टॉवरचा मुद्दा लवकर संपतो. ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरीच्या एका कणात सुमारे ०.००००१५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. साधा कार्बन-कार्बन बंध तोडायला ३.६ लागतात, सुमारे अडीच लाख पट. हे कण संख्येनं कितीही असले तरी डीएनए तोडू शकत नाहीत. फार तीव्र असतील तर तापवतील. टॉवरला "रेडिएशन" हा शब्द लागतो आणि चेर्नोबिललाही लागतो, घोटाळा तिथूनच सुरू होतो.

तरीही तपासायचं असेल तर तपासाच, फक्त रीतीनं. सगळ्यात उपयोगी यंत्र म्हणजे वही.

टॉवरपासून एक सरळ रेषा धरा. रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरमधलं कुर्डूचं प्रत्येक रोप मोजा, चांगलं आणि विकृत दोन्ही, तीनशे होईपर्यंत. मग तशीच माती, तसाच उतार, तशीच चराई असलेल्या काही किलोमीटर लांबच्या जागी, समजा तळजाईवर, पुन्हा तीनशे. टॉवरपाशी सहा आणि तळजाईवर दोन निघाली तर तो फरक नाही, नशिबाचा खेळ आहे. तीस आणि तीन निघाली तर फरक आहे, मग कारण काहीही असो. तीनशेत एकही सापडलं नाही तरी "शून्य" लिहू नका. खरं प्रमाण शंभरात एकपर्यंत असू शकतं, एवढंच त्यातून म्हणता येतं. इथं होणारी नेहमीची चूक म्हणजे विकृत रोप दिसलं की तिथं थांबून आजूबाजूला अजून शोधणं आणि चांगल्या रोपांवरून नजर सरकवणं. मोजणारा आणि जागा ठरवणारा वेगळा असला तर उत्तम. मोजण्यासाठी सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, तुरे आलेले असताना. एकाच जातीवर थांबू नका. टाकळा, एकदांडी, घाणेरी यांचीही नोंद घ्या. विकृती एकाच जातीत आहे की चारही जातींत, हे कारणाकडे नेणारं पहिलं बोट आहे.

प्रत्येक विकृत रोपाचा फोटो उपटण्याआधी काढा, शेजारी पट्टी ठेवून: एक अख्ख्या रोपाचा, एक शेंड्याचा, एक जमिनीलगतचा. चपटेपणा एकाच फांदीत आहे की तळापासून, हे लिहा. एकाच फांदीत असेल तर इजा किंवा त्या फांदीपुरतं उत्परिवर्तन. तळापासून असेल तर बी किंवा रोपावस्थेत काही घडलं.

गाठींतली कीड वाढवून बघायची असेल तर पानं रुंद तोंडाच्या बरणीत, तळाला टिपकागद, तोंडाला मलमल. रोज उघडून ओल पुसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बुरशी येते आणि सगळं वाया जातं. बाहेर पडणारा पहिला कीटक हाच गाठीचा कर्ता, असं समजू नका. बऱ्याचदा तो कर्त्याला खाऊन वाढलेली इवलीशी परजीवी गांधीलमाशी असते. तारीख टाकून सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा.

गायगर मापक बाजारात मिळतो, पण वापरताना घाई नडते. साध्या नळीत मिनिटाला वीसेक टिकटिक येतात. एका मिनिटाच्या मोजणीत यदृच्छेचाच फरक सुमारे २२ टक्के असतो. दहा मिनिटं मोजलीत, दोनशे टिकटिक आल्या, तर तो ७ टक्क्यांवर येतो. म्हणून प्रत्येक जागी दहा मिनिटं, एकदा एक मीटर उंचीवर, एकदा जमिनीपासून पाच सेंटीमीटरवर. दोन्हींत मोठी तफावत असेल तर पृष्ठभागावर बीटा देणारं काही आहे असा अर्थ होतो, आणि मगाशी सांगितलेल्या पाइनसाठी हीच गोष्ट महत्त्वाची ठरली असती. पावसाच्या सरीनंतर लगेच मोजू नका. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची अपत्यं (त्याच्या क्षयातून बनलेले अणू) पावसाबरोबर खाली येतात, आकडा वाढतो आणि एक-दोन तासांत परत उतरतो. त्यांचं अर्धायुष्य वीस-सत्तावीस मिनिटांचंच आहे. पहिल्या वळवात मापक दुप्पट झाल्याचे फोटो फिरतात त्यामागे हेच असतं. ग्रॅनाइटच्या ओट्याजवळ किंवा जुन्या गॅसबत्तीच्या थोरियमवाल्या जाळीजवळ मापक वर जातो, त्यानंही गांगरू नये.

परागकण पाहायचे तर काचपट्टीवर ॲसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब, त्यात पिकलेला परागकोश दाबून दहा मिनिटं थांबा. भरलेले कण लाल गोल दिसतात, वांझ कण फिके आणि सुरकुतलेले. निदान तीनशे कण मोजा. मात्र उष्णता, पाण्याचा ताण आणि संकर यांनीही वांझपणा येतो, त्यामुळे ही चाचणी एकटी काही सिद्ध करत नाही. ट्रेडस्कॅन्शिया या शोभेच्या झाडाच्या पुंकेसरावरच्या केसांत निळ्या पेशी गुलाबी झाल्या की नाही, ही किरणोत्साराची नाजूक चाचणी आहे, पण तिला निळ्या-गुलाबीचा संकर असलेली खास रोपं लागतात. रस्तादुभाजकातल्या जांभळ्या ट्रेडस्कॅन्शियावर ती होत नाही. त्या जांभळ्या जातीत सूक्ष्मकेंद्रक (गुणसूत्रांच्या तुकड्यांचे पेशीतले बारीक गोळे) मोजतात खरे, पण ते गाड्यांच्या धुरानंही वाढतात. कर्वे रस्त्यालगत मोजलंत तर धूरच मोजाल.

मापकानं पाऊस नसताना, दहा-दहा मिनिटांच्या मोजणीत, एका ठिकाणी सतत एक मायक्रोसिव्हर्ट प्रति तासाच्या वर दाखवलं तर मात्र वनस्पतींचा विषय बाजूला ठेवा. काही उचलू नका, खणू नका, मागे सरा, जागा लक्षात ठेवा आणि ११२ वर कळवा. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० नं एकाचा जीव घेतला आणि काहीजण गंभीर आजारी पडले. अशा स्रोताची चाहूल झाडाच्या शेंड्यातून लागण्याची वाट कुणी पाहू नये.

तुमच्या दोन रोपांसाठी आता करण्यासारखं एक काम उरतं, ते बियांचं. तुरा पूर्ण उमलण्याआधी दोन्हींवर बटर पेपरची पिशवी बांधा, म्हणजे शेजारचा पराग येणार नाही. कुर्डूचं स्वतःच्या परागानंही बी धरतं. नोव्हेंबरात तुरा तपकिरी झाला की कागदावर झटका. तेवढंच बी शेजारच्या सरळ रोपाचंही घ्या. कागदी पाकिटात, कोरड्या डब्यात, नावासकट ठेवा; प्लास्टिकमध्ये ओल धरते. जूनमध्ये एकाच मातीच्या दोन ट्रेमध्ये पन्नास-पन्नास बिया वरच्यावर पेरून बोटानं हलक्या दाबा, खोल पुरू नका. सहा पानं आल्यावर विरळणी करताना "बारीक" रोपं निवडून उपटण्याचा मोह टाळा, चिठ्ठी टाकून उपटा. चपट्या रोपाच्या ट्रेमध्ये बरीच रोपं चपटी निघाली तर दोष जनुकात आहे आणि कोंबड्याशी नातं तपासायला हवं. सगळी सरळ निघाली तर बहुधा गेल्या पावसात शेंड्याला काहीतरी लागलं होतं. वाळवलेलं मूळ रोपही फेकू नका. वर्तमानपत्रात दाबून, पावसाळी हवेत कागद रोज बदलून वाळवलंत, तर आघारकर संस्थेच्या किंवा कोरेगाव पार्कातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या वनस्पतिसंग्रहातल्या नमुन्यांशी ते ताडून पाहता येतं.